सुनेची पेशंट

४ फेब्रुवारी

ही डायरी मुलाने दिली. दोन वर्षांपूर्वीची आहे, त्यामुळे छापलेले वार सगळे खोटे. आज छापलाय मंगळवार आणि आहे गुरुवार. मी वार खोडते आणि पुढे जाते. मुलगा म्हणाला, "आई, तुझं ऐकून ऐकून आमचे कान किटले. थोडं हिलाही ऐकव." बरं म्हटलं. माझी शाळा चौथीपर्यंत, जोडाक्षरं मला जड जातात, पण इथे चुका काढायला कोण बसलंय.

तर सांगायचं म्हणजे आजपासून मी पेशंट झाले. आजारी नाही हो, नुसती पेशंट. सूनबाई इस्पितळात मदतनीस आहे. चादरी बदलायच्या, गाडा ढकलायचा, कुणाला उठवायचं, कुणाला बसवायचं. ते करता करता नर्सचा कोर्स करते. लेखी सगळं सुटलं, आता प्रात्यक्षिक तेवढं राहिलंय. तिथे प्रत्येकीने घरचं माणूस न्यायचं, त्याला खाटेवर निजवायचं आणि दोन परीक्षक बाईंसमोर डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं. तेही इंग्रजीत बोलत बोलत. मागच्या वेळी बहिणीला नेलं होतं. घडाघड बोलली, एक शब्द चुकला नाही, आणि नापास. ही शेवटची संधी. या वेळी गेली तर जन्मभर गाडा ढकलायचा.

कागदावर शेरा होता, "डिड नॉट एक्झामिन". म्हणजे एक्झामिन केलं नाही. सूनबाई अजून त्यावर तडतडते. "दर वेळी म्हटलं, आई. नाउ आय विल एक्झामिन युवर आइज. नाउ आय विल एक्झामिन युवर इअर्स. आणि म्हणे केलं नाही. मग काय ढोल वाजवून सांगायचं?"

मला तिची बाजू पटली. पण मोठ्या बाई उगाच कशाला लिहितील? त्या शब्दात काहीतरी असणार. बघते आता मी त्या शब्दाकडे.

६ फेब्रुवारी

नातीला आम्ही खारू म्हणतो, खारीसारख्या पेन्सिली दडवून ठेवते म्हणून. परवा उशीच्या अभ्र्यात सापडल्या. तिच्याकडे शाळेचा जाडा शब्दकोश आहे. मी म्हटलं, खारूबाई, एक्झामिन काढा. तिने जीभ बाहेर काढून काढला. मी विचारलं, एकच अर्थ आहे की पुष्कळ? म्हणाली, आजी, पुष्कळ आहेत.

पहिला, नीट बारकाईने बघणे. दुसरा, डॉक्टर बघतो तसं अंग तपासणे. तिसरा, परीक्षा घेणे. चौथा, कोर्टात साक्षीदाराला प्रश्न विचारणे. मला इतका आनंद झाला की विचारू नका. म्हणजे सूनबाई मला एक्झामिन करणार, तेव्हाच त्या दोन बाई सूनबाईला एक्झामिन करणार. एका खाटेवर दोन एक्झामिन. मी हे जेवताना सांगितलं तर मुलगा म्हणाला, "आणि भाजीत मीठ नाही ते कुणी एक्झामिन करायचं?" मीठ खरंच विसरले होते.

१० फेब्रुवारी

रोज संध्याकाळी सराव. मी बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर आडवी, सूनबाई कामावरून येऊन हात धुऊन उभी, खारू मोबाइलमध्ये वेळ लावून बसलेली. सूनबाईच्या हातात कागद. वीस मिनिटांत सगळं शरीर संपवायचं असतं.

मला दोन उत्तरं पाठ करायची आहेत. "एनी पेन?" विचारलं की "नो पेन". "एनी डिफिकल्टी?" विचारलं की "नो". डिफिकल्टी म्हणजे त्रास. मी म्हटलं, आणि थोडं दुखत असलं तर काय म्हणायचं? सूनबाई म्हणाली, "ते पेपरात नाही, आई." बरं म्हटलं.

मी एवढं इंग्रजी जन्मात बोलले नव्हते. भांडी घासताना म्हणते, नो पेन. जिना चढताना म्हणते, नो पेन. गुडघे आतल्या आत हसत असतील.

घसा बसलाय. मुलगा म्हणतो इंग्रजीमुळे बसला. तसा तो दिवाळीच्याही आधीपासून बसलाय. गरम पाणी घेते.

१३ फेब्रुवारी

आज शब्दाचा अभ्यास पुढे नेला. खारू म्हणते, नुसता अर्थ कळून उपयोग नाही, वाक्यात वापरता आला पाहिजे. मी म्हटलं, "आय एक्झामिन पोटॅटो." ती हसून लोळली. म्हणे बटाट्याला एक्झामिन नाही म्हणत, आजी, नुसतं लुक म्हण. का नाही? मी बटाटा हातात घेते, फिरवते, दाबते, हिरवा आहे का बघते, डोळे फुटलेत का बघते. डॉक्टर आणखी वेगळं काय करतो? खारूने पुन्हा शब्दकोश पाहिला आणि म्हणाली, "बरं, असं बघत असशील तर चालेल." मी बटाट्यावर जिंकले.

आपल्याकडे याला किती शब्द आहेत ते मोजत बसले. सून पसंत करायची तर पारखतात. बाळाला निरखतात. अंधारात चष्मा चाचपतात. हिशोब तपासतात. धान्य निवडतात. इंग्रजांनी सगळ्यावर एकच घोंगडी पांघरली. पण मी एक धरलं, की या सगळ्यांत हात किंवा डोळा जरा थांबतो. धावता धावता कुणी खडा निवडत नाही.

सूनबाई आज अठरा मिनिटांत माझ्या पायांपर्यंत पोचली. मान तर तिने टेबलावरची धूळ झटकावी तशी झटकली. फार चपळ पोरगी. खारूने टाळ्या वाजवल्या.

१७ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे गेले होते. पोलक्याचे गळे कापायला दिले. सगळेच घट्ट होतात. गळ्यातली पोवळ्यांची माळही रुतायला लागली म्हणून काढून डबीत ठेवली, दोरा आटला असेल. शिंपीणबाई टेप गळ्याभोवती फिरवून म्हणाल्या, "बाकी माप तेच आहे, गळाच कसा वाढला?" मी म्हटलं, "सून चांगलं खायला घालते." त्या म्हणाल्या, "खाल्लेलं गळ्यातच राहतं का तुमच्या?"

त्यांना मी शब्द शिकवला. त्या म्हणाल्या, मग मी हे करते ते एक्झामिन का? मी म्हटलं, नाही, हे नुसतं माप. मेजर म्हणतात त्याला. त्यांना जरा लागलं. म्हणाल्या, "तीस वर्षं माणसांचे खांदे बघते मी. कुणाचा उजवा खाली आलाय ते घरच्यांच्या आधी मला कळतं." मग मी म्हटलं, असेल, तुमचंही एक्झामिन असेल. चहा पाजला त्यांनी. दोन बिस्किटं पुढे केली, मी एक चहात बुडवून घेतलं. कोरडं उतरत नाही हल्ली.

२१ फेब्रुवारी

एक घोळ झालाय. परीक्षेचे नियम खारूने वाचून दाखवले. त्यात लिहिलंय, आणलेला माणूस निरोगी हवा. आजारी माणूस आणल्यास परीक्षा घेतली जाणार नाही.

आता इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहिते. मला घास अडकतो. भाकरीचा, पोळीचा, गोळीचाही. पाणी मागे ढकलावं लागतं. आणि गळ्याला खाली एका बाजूला सुपारीएवढं काहीतरी लागतं. दुखत नाही फारसं, गिळताना जरा टोचतं. वय झालं, अंगाला कुठे ना कुठे गाठी येतात, माझ्या आजीच्या तर पाठीवर चांगला लाडू होता, तो घेऊन ती नव्वदीपर्यंत जगली. तेव्हा त्याचं मला काही नाही. पण त्या बाईंनी म्हटलं की ही बाई निरोगी नाही, घरी न्या, तर सूनबाईने काय करायचं? बहीण तिची आता गरोदर आहे. मुलगा चालत नाही, बाईच हवी. दुसरं माणूस कुठून आणणार?

तेव्हा परीक्षेपर्यंत तोंड बंद. माझ्यासारखीला हे अवघड, पण बघू.

२२ फेब्रुवारी

जेवण मी आता सगळ्यांच्या आधी उरकते. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही आमच्यासाठी थांबत का नाही हल्ली?" मी म्हटलं, भूक लागते लवकर. खूश झाली.

२६ फेब्रुवारी

आज सरावात भांडण. मुलगा लवकर आला होता, दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "तू कागदाकडे बघतेस की आईकडे?" सूनबाईचं डोकं फिरलं. "तुम्ही या इथे उभे राहा आणि म्हणून दाखवा." मुलगा म्हणाला, "मला नाही येत. पण मी गाडीचं इंजिन बघतो तेव्हा इंजिनाकडे बघतो." (माल पोचवायची गाडी चालवतो तो.) "तुमचं इंजिन वीस मिनिटांची घंटा वाजवत नाही," सूनबाई म्हणाली.

मला वाटतं तो तिला शेऱ्याचाच अर्थ सांगत होता, पण नवऱ्याने सांगितलेला अर्थ कुठल्या बाईने ऐकलाय. मी मधे पडले नाही. मला तर बाई ती कागदाकडे बघते तेच बरं. मान येते तेव्हा मी हनुवटी जरा खाली घेते, आणि तिचा हात वरच्यावर निघून जातो.

पण नंतर वाईट वाटलं. मी चांगली पेशंट आहे की वाईट, तेच कळेना.

४ मार्च

उद्या परीक्षा. निळं पोलकं, उंच गळ्याचं. वरून पातळ मफलर घेणार, सर्दीचं निमित्त. नाही, सर्दी नको, तीही आजारपणात जाईल. थंडीचं निमित्त. सूनबाईने कागद उशाशी घेतलाय. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला तर म्हणाली, "आई, गेले तर?" मी म्हटलं, "कशी जाशील? मी आहे ना." आता हे मी कशाच्या जोरावर म्हटलं कुणास ठाऊक.

५ मार्च

आज सगळं सविस्तर लिहिते, नाहीतर छातीवर बसेल.

लांब खोली, ओळीने खाटा, खाटांमध्ये पांढरे पडदे. प्रत्येक पडद्यामागे कुणाची तरी आई, मावशी, नणंद आडवी. आमच्याकडे आल्या दोन बाई. एक तरुण, चष्म्याची, हातात घड्याळ. दुसरी पिकल्या केसांची, ती काही बोलायचीच नाही, पायाशी उभी राहिली. तरुण बाईंनी पहिलं काय केलं तर मफलर काढायला लावला.

सूनबाई सुरू झाली. केस, डोळे, कान, नाक. अगदी गाडी रुळावर. कागद तेवढा जवळ ठेवू देत नाहीत. मी मनात म्हणत होते, चल, चल, पुढे चल. "नाउ आय विल एक्झामिन युवर नेक." मी हनुवटी खाली घेतली. कागद नव्हता ना, त्यामुळे तिला बघायला माझ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. तिने मला उठवून बसवलं, मागे उभी राहिली आणि दोन बोटांनी माझी हनुवटी वर केली. "प्लीज स्वॅलो." म्हणजे गिळा. मी अगदी थोडं, चोरून गिळलं.

तिची बोटं थांबली.

मी वाट बघितली. पुढे खांदे येतात. ती खांद्यांकडे जाईना. मी तिला कोपराने हळूच ढोसलं. मग वाटलं विसरली असेल, आठवण द्यावी, म्हणून मीच मोठ्यांदा म्हटलं, "नो पेन." अजून तिने विचारलंही नव्हतं.

सूनबाई मागे होती, ती पुढे आली. वाकली. माझ्या गळ्याकडे अशी बघायला लागली की मला लाजच वाटली, इतकं जवळून मला माझ्या नवऱ्याने बघितलं नसेल. शेजारच्या टेबलावरचा पाण्याचा पेला मला दिला, घोट घ्यायला लावला, आणि त्या घोटाबरोबर तिची नजर वरून खाली गेली.

मग मराठीत म्हणाली, "आई, घास अडकतो का?"

मी म्हटलं, "नो."

"इंग्रजी नको. अडकतो का?"

तरुण बाई म्हणाल्या, "इंग्लिश, प्लीज." घड्याळ चालूच होतं. मी सूनबाईला डोळ्यांनी खुणावत होते की अगं सोड, पाय राहिलेत, पोट राहिलंय. तिने खूण बघितलीच नाही. ती फक्त माझं तोंड बघत होती, आणि तिचं तोंड इतकं पांढरं पडलं होतं की मला खोटं बोलवेना.

म्हटलं, "अडकतो."

"केव्हापासून?"

"आवाज बसला तेव्हापासून."

"आणि मी रोज विचारत होते तेव्हा?"

"ते तू शिकवलं होतंस तसं म्हणत होते."

ती त्या बाईंकडे वळून इंग्रजीत सांगायला लागली. पाठ केलेलं नव्हतं ते, मला लगेच कळलं, कारण दर दोन शब्दांना अडत होती. हार्ड म्हणाली, स्वॅलो म्हणाली, माझ्याकडे बोट केलं, आपल्याच गळ्यावर बोट ठेवून दाखवलं. मदर इन लॉ म्हणताना आवाज फाटला. तेवढ्यात घंटा झाली. पोट, हात, पाय सगळं तसंच राहिलं.

पिकल्या केसांच्या बाई पुढे आल्या. त्यांनी आपले दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि माझ्या गळ्याला लावले. बराच वेळ. मग सूनबाईला काहीतरी हळू विचारलं, आणि आम्हाला मागच्या इमारतीत जायला सांगितलं. आत्ताच्या आत्ता, म्हणाल्या.

नियम तोडला की असं बाहेर काढत असतील.

६ मार्च

माझ्यामुळे झालं. जरा आणखी हळू गिळायला हवं होतं.

घरात कुणी परीक्षेचं नाव काढत नाही. मुलगा दोनदा स्वयंपाकघरात आला, पेला भरला आणि न पिता तसाच ठेवून गेला. मी विचारलं, काय रे? "काही नाही," म्हणाला. मोठा झाल्यापासून तो माझ्याशी इतकं गोड कधी बोलला नव्हता. सुनेचं दुःख झालंय त्याला.

९ मार्च

मागच्या इमारतीतल्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. गळ्यात सुई घातली, बारीक. डॉक्टरांनी विचारलं, एनी पेन? मी म्हटलं, नो पेन. सूनबाईने हात धरला आणि म्हणाली, "आई, इथे खरं बोलायचं." मग म्हटलं, दुखलं की. डॉक्टर हसले. ती हसली नाही.

परत येताना बसमध्ये मी म्हटलं, "तू माझ्या गळ्यापाशी थांबली नसतीस तर पास झाली असतीस." ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "मी रोज हात फिरवत होते, आई. रोज त्याच्यावरूनच हात फिरवत होते." मला वाटतं परीक्षेचा ताण उतरला नाही अजून. मी तिला लिमलेटची गोळी दिली, माझ्या घशासाठी ठेवलेली.

१६ मार्च

गाठ काढायची ठरली. सुईत काय निघालं ते मला नीट सांगत नाहीत. सूनबाई म्हणते, "वेळेत सापडली, आई," आणि हे ती दिवसातून इतक्यांदा म्हणते की मला म्हणावंसं वाटतं, अगं हो, कळलं. खारू शब्दकोश घेऊन कोपऱ्यात बसली होती, मी जवळ गेले तर मिटला. शिंपीणबाई आल्या, म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं, गळाच कसा वाढला?" आणि पदराने डोळे पुसले. त्यांना कुठलंही निमित्त पुरतं रडायला. मी त्यांना म्हटलं, पोलकी आता पुन्हा आत घ्या.

२० मार्च

आज निकाल. पास.

मुलाने मोबाइलवर बघितलं आणि तीनदा बघितलं. सूनबाई गॅसपाशी उभी होती, तिने दूध उतू जाऊ दिलं. मी म्हटलं, "अगं, पण पोट आणि पाय तर राहिले होते." म्हणाली, "हो ना." तिलाही कळलं नाही. मी खारूला म्हटलं, शेरा काय लिहिलाय बघ, चांगला की वाईट. खारूने खालीवर सरकवून पाहिलं. शेरा काहीच नव्हता, नुसतं पास. मला चुटपुट लागली. मागच्या वेळी एवढं लिहिलं होतं, या वेळी हात दुखत होता का त्यांचा?

सूनबाईने तो जुना कागद, मागच्या शेऱ्याचा, कपाटातून काढला. मला वाटलं फाडणार. तिने नीट वाचला आणि पुन्हा आत ठेवला.

२ एप्रिल

ऑपरेशन झालं. घरी आले. बोलायचं नाही, असा हुकूम आहे. आणखी काही दिवस एक शब्दही नाही. मुलगा म्हणतो, डॉक्टरांना काय देऊ नि काय नको असं झालंय. मी त्याला उशी फेकून मारली. उशी फेकायला बोलावं लागत नाही.

पुढे आणखी काही औषध आहे, तपासण्या आहेत, सहा महिने जायचं यायचं. जाऊ.

बोलता येत नाही तर ही डायरी भराभर भरतेय. वार मात्र अजून खोटेच.

५ एप्रिल

आता सूनबाईचा गणवेश आलाय. तो घालून ती संध्याकाळी तशीच माझ्याकडे येते, हात धुते, तळवे घासून गरम करते. हे त्या पिकल्या केसांच्या बाईंकडून उचललंय, मी बरोबर ओळखलं. घड्याळ लावत नाही. खारूला बाहेर काढते. दिव्याखाली मला बसवते आणि पट्टी बाजूला करून बघते. काय बघत असते इतका वेळ कुणास ठाऊक, टाके तर तेवढेच आहेत. आत दूध तापतं, शेजाऱ्यांचा रेडिओ संपतो, ती बघतच असते. मी मनात म्हणते, हेच ते, खारूच्या शब्दकोशातलं पहिलं.

आज डॉक्टरांनी थोडं बोलायची परवानगी दिली. मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. पहिला शब्द राखून ठेवला होता. खारूकडून दुपारीच कागदावर लिहून विचारून घेतला होता.

संध्याकाळी ती आली. हात धुतले, गरम केले. "नाउ आय विल एक्झामिन युवर नेक," म्हणाली, चेष्टेने. मग सवयीने विचारलं, "एनी पेन?"

मी म्हटलं, "यस. लिटल."

आवाज असा आला की माझा मलाच ओळखू येईना. तिने माझ्याकडे बघितलं, आणि हसली, की रडली, दोन्हीतलं काहीतरी केलं. मग स्टूल जवळ ओढून बसली.

"कुठे? दाखवा," म्हणाली.

मी दाखवलं.